साठवलेल्या पॉइंट्सचा भाव रातोरात का बदलावा?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सुट्ट्यांचा मोसम आला की विमानभाडे किती वाढले याच्या बातम्या सर्वत्र येतात आणि त्यावर चर्चाही होते. मात्र याच विमान कंपन्या नियमित प्रवाशांच्या खात्यावर पुढे तिकिटासाठी वापरता येणारे जे पॉइंट्स किंवा माइल्स जमा करतात, त्यांचा भाव गाजावाजा न करता कसा उतरवला जातो, याविषयी क्वचितच कोणी लिहितो. हा विषय केवळ श्रीमंत प्रवाशांचा आहे असा समज असल्यामुळे कदाचित तसे होत असेल. परंतु क्रेडिट कार्डामुळे आज असे पॉइंट्स मुंबईतल्या असंख्य मध्यमवर्गीय घरांत साठलेले आहेत, आणि आमचे घर त्यांपैकीच एक आहे.

यंत्रसामग्री विकणाऱ्या एका कंपनीत मी एकोणतीस वर्षे नोकरी केली. महिन्यातून दोन-तीनदा पहाटे चारला घरून रिक्षा धरायची, सकाळच्या पहिल्या विमानाने चेन्नई किंवा दिल्ली गाठायची आणि काम उरकून रात्री उशिरा परतायचे, असा क्रम बरीच वर्षे चालला. तिकीट कंपनीचे असले तरी पॉइंट्स माझ्या नावावर जमा होत. माझ्या पत्नीने त्यांचा हिशेब ठेवला होता. दुधाचा हिशेब ज्या वहीत असे, त्याच वहीच्या मागच्या पानांवर तारीख, कोठून कोठे, जमा झालेले पॉइंट्स आणि एकूण बेरीज अशा चार रकाने पाडलेल्या तिच्या नोंदी आजही आहेत. निवृत्तीनंतर लंडनला मुलीकडे दोघांनी मिळून जायचे, हे त्या वहीचे उद्दिष्ट होते.

मुलीच्या बाळंतपणाच्या वेळी तो योग आला. विमान कंपनीच्या तक्त्यानुसार जाऊन-येऊन एका तिकिटाला ६० हजार पॉइंट्स लागत होते, म्हणजे दोघांना १ लाख २० हजार. आमच्या खात्यावर ९७ हजार होते, तेव्हा उरलेले २३ हजार आम्ही क्रेडिट कार्डाच्या पॉइंट्समधून तिकडे वळते केले. कार्डावरून एकदा विमान कंपनीकडे गेलेले पॉइंट्स पुन्हा कार्डावर येत नाहीत, ही बाब वाचकांनी लक्षात ठेवावी. डॉक्टरांनी तारीख नक्की सांगेपर्यंत आठ दिवस गेले, आणि तिकिटे काढायला बसलो तेव्हा त्याच प्रवासाला प्रत्येकी ८८ हजार मागितले जात होते. पत्नीने वही संगणकाशेजारी धरून बेरीज दोनदा तपासली. बेरीज बरोबरच होती. ग्राहक सेवा केंद्राकडून एवढेच उत्तर मिळाले की, पूर्वसूचना न देता बदल करण्याचा अधिकार कंपनीला अटींनुसार आहे. शेवटी पत्नी पॉइंट्सवर एकटी गेली, आणि त्या ‘मोफत’ तिकिटावरही कर व अधिभारापोटी रोख रक्कम भरावी लागलीच. उरलेल्या ३२ हजारांत माझे तिकीट निघत नव्हते. मी पैसे जमवून नंतर गेलो, तेव्हा नातू दीड महिन्याचा झाला होता.

यावर कंपन्यांचे नेहमीचे म्हणणे असे की, पॉइंट्स ही प्रवाशाला दिलेली भेट आहे आणि भेटीच्या किमतीवर कोणी हक्क सांगू नये. हे म्हणणे मला मुळातच मान्य नाही. क्रेडिट कार्डावर मिळणारे माइल्स विमान कंपनी बँकेला विकते, बँक त्यांचे रोख पैसे मोजते, आणि बँकेकडे तो पैसा दुकानदारांकडून घेतलेल्या शुल्कातून व आपल्या वार्षिक फीमधूनच येतो. तिकिटावर मिळणाऱ्या पॉइंट्सविषयी तर कंपन्यांचे स्वतःचे हिशेबच बोलके आहेत. आपल्याकडे १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या इंड-एएस ११५ या लेखा मानकानुसार, असे पॉइंट्स देणाऱ्या कंपनीला तिकिटाच्या रकमेतला त्यांच्या वाट्याचा भाग लगेच उत्पन्न म्हणून दाखवता येत नाही. प्रवासी ते वापरेपर्यंत किंवा त्यांची मुदत संपेपर्यंत तो देणे म्हणून पुस्तकात राहतो. जी वस्तू ताळेबंदात देणे म्हणून नोंदली जाते, ती प्रवाशासमोर मात्र बक्षीस कशी ठरते? पॉइंट्सचा भाव उतरवला की त्या देण्याचा भार हलका होतो आणि तो कोणाच्या खिशातून हलका होतो, हे वेगळे सांगायला नको.

या पॉइंट्सचे खरे मोल कंपन्यांना पुरेपूर ठाऊक आहे. २०२० मध्ये करोनामुळे विमाने जमिनीवर होती, तेव्हा अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने आपली मायलेजप्लस ही योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. त्या योजनेचे मूल्य तेव्हा सुमारे २२ अब्ज डॉलर धरले गेले होते, म्हणजे शेअर बाजारात संपूर्ण कंपनीला जी किंमत होती तिच्याहूनही अधिक.

मे १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने एअॅडव्हांटेज ही योजना आणली, तेव्हा हिशेब सरळ होता. जेवढे मैल उडाल तेवढे माइल्स मिळत आणि अमुक माइल्सना अमुक तिकीट हे छापील तक्त्यावर लिहिलेले असे. पुढे कमाईचा निकष अंतराऐवजी भाडे झाला. डेल्टाने २०१५ मध्ये आणि आपल्या एअर इंडियाने एप्रिल २०२४ पासून तोच मार्ग धरला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण पुढे काय मिळेल ते आधी कळते. तक्ताच काढून टाकण्याची पद्धत मात्र घातक आहे. डेल्टाने २०१५ मध्ये आणि युनायटेडने २०१९ मध्ये तसे केले, आणि तेव्हापासून त्यांच्या पॉइंट्सवरच्या तिकिटाचा दर रोज, मागणीप्रमाणे ठरतो. तक्ता असेल तर दर वाढल्याचे निदान दाखवता तरी येते. तक्ताच नसेल तर अवमूल्यन झाले हे सिद्ध कशाच्या आधारे करायचे?

कंपनी बुडाली तर काय होते, हेही मुंबईकरांनी जवळून पाहिले आहे. किंगफिशरची विमाने २०१२ मध्ये थांबली आणि तिच्या किंग क्लबचे पॉइंट्स मातीमोल झाले. जेट एअरवेजचे शेवटचे उड्डाण १७ एप्रिल २०१९ रोजी झाले. तिची पॉइंट्सची योजना स्वतंत्र कंपनीकडे असल्यामुळे इंटरमाइल्स या नावाने तगली खरी, पण ज्या विमानात बसण्यासाठी ते माइल्स साठवले होते ते विमानच राहिले नाही. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली तेव्हा पॉइंट्स एकास एक या प्रमाणात हस्तांतरित झाले, ही त्या मानाने चांगली गोष्ट.

आता तुलनेने साध्या व्यवहारांकडे पाहा. लोकलचा पास काढल्यानंतर भाडेवाढ झाली, तरी हातातला पास त्याच्या मुदतीपर्यंत चालतो. मोबाइल वॉलेट किंवा गिफ्ट कार्डाला किमान एक वर्षाची मुदत असावी आणि ती संपण्यापूर्वीच्या ४५ दिवसांत ग्राहकाला सावध करावे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. क्रेडिट कार्डाचे शुल्क वाढवायचे असेल तर बँकेला किमान एक महिन्याची पूर्वसूचना द्यावी लागते. वर्षानुवर्षे साठवलेल्या पॉइंट्सना यांपैकी कोणत्याच प्रकारचे संरक्षण का नसावे? ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ‘अन्याय्य करार’ या संज्ञेची स्वतंत्र व्याख्या आहे. एकाच पक्षाला हवा तेव्हा हवा तसा बदल करू देणारी अट त्या कसोटीवर एकदा तपासली जायला हवी. अमेरिकेच्या परिवहन खात्याने सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या चार मोठ्या विमान कंपन्यांकडे त्यांच्या पॉइंट्स योजनांची माहिती मागवली होती. आपल्याकडेही ते अशक्य नाही.

माझी नागरी उड्डाण मंत्रालयाला आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला विनंती आहे की, पॉइंट्सचा दर बदलण्यापूर्वी किमान सहा महिन्यांची लेखी सूचना प्रत्येक सभासदाला देणे बंधनकारक करावे, त्या काळात आधी जमलेले पॉइंट्स जुन्याच दराने वापरू द्यावेत आणि प्रत्येक मार्गाचा दरतक्ता संकेतस्थळावर कायम ठेवायला लावावा. कार्डावरून पॉइंट्स वळते करताना ते परत येणार नाहीत ही सूचना बँकांनीही ठळक अक्षरांत, व्यवहार पूर्ण होण्याआधी दाखवावी. मुंबई ग्राहक पंचायतीने हा प्रश्न हाती घेतला, तर आमच्या वहीच्या पानांच्या प्रती त्यांच्याकडे नेऊन द्यायला आम्ही दोघेही तयार आहोत.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक, विलेपार्ले (पूर्व), मुंबई