आमच्या सार्जंटकाकांस

आदरणीय काका,

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "आधी चहा टाक" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहितेय, आणि आमच्या रोटरी क्लबच्या मीटिंगची व्यवस्था बघणारे सार्जंट कसे आहेत ते सगळ्यांनी वाचावं म्हणून उघड लिहितेय.

गेल्या वर्षी जूनमध्ये ह्यांना रक्ताचा कर्करोग निघाला. केमो सुरू झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात डॉक्टर म्हणाले, प्लेटलेटचे, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशींचे, दाते तयार ठेवा. रक्तदान म्हणजे गणपतीत मंडळाच्या मांडवात होतं ते, एवढंच मला ठाऊक. प्लेटलेटचं गणित तुम्ही मला नौपाड्यातल्या आमच्या स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून समजावलंत. प्लेटलेट जेमतेम ५ दिवस टिकतात, त्याही फ्रीजमध्ये नाही, २० ते २४ अंशांत सतत हलत्या ठेवाव्या लागतात. म्हणजे आधीपासून भरून ठेवायची सोय नाही. एका दात्याच्या रक्तातून मशीनवर तेवढ्याच काढून घ्यायच्या, त्याला एसडीपी, म्हणजे सिंगल डोनर प्लेटलेट म्हणतात. दात्याचे दीड-दोन तास त्यात जातात, आणि त्याआधी तपासणीचा वेळ वेगळा. तीन दिवसांत ॲस्पिरिनची गोळी घेतलेली असेल तर तो माणूस बाद. तुम्ही म्हणालात, "पिशव्या साठवता येत नाहीत ना, मग आपण माणसं साठवू."

आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही ती दोनशे पानी वही घेऊन आलात. नाव, रक्तगट, वजन, मागच्या वेळी कधी दिलं, राहणार कुठे. क्लबचे मेंबर, रोटरॅक्टची, म्हणजे रोटरीच्या तरुण शाखेची मुलं, कुणाच्या ऑफिसातले, कुणाच्या सोसायटीतले. शेवटच्या रकान्यात तुमच्या बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं : "रात्री ११ नंतरही फोन चालेल." "आईला कळवू नये." "सुईकडे बघत नाही, सोबत कुणीतरी बसावं." हा शेवटचा रकाना मी कितीदा वाचलाय! नऊ आठवड्यांत चौदा वेळा दाते लागले आणि एकदाही मला स्वतःहून कुणाला फोन करावा लागला नाही.

जुलैतली ती पावसाची रात्र तुम्ही विसरला असाल. लोकल ठप्प, ठरलेला मुलगा कळव्यात अडकलेला, आणि प्लेटलेट पार आठ हजारांवर घसरलेल्या. तुम्ही मला "बघतो" एवढंच म्हणालात आणि फोन ठेवलात. दीड तासाने रक्तपेढीच्या दारात तुम्ही आणि तो मुलगा, दोघेही रेनकोट घालूनसुद्धा नखशिखांत भिजलेले. स्कूटरवरून, ईस्टर्न एक्सप्रेस हायवेने, त्या पावसात, सदुसष्टाव्या वर्षी! नर्सने त्याला आधी कोरडा शर्ट आणायला सांगितलं. तुम्ही पिशवीतून काढून दिलात. शर्ट तुमचाच होता, इस्त्रीचा. स्वतः मात्र पहाटेपर्यंत ओलेच बसलात.

पण काका, हे पत्र त्या रात्रीसाठी नाही. दाते कदाचित आणखीही कुणी मिळवून दिले असते. मला सांगायचंय ते मंगळवारचं.

क्लबचं बुलेटिन सहा वर्षं हेच काढत होते. आजारपणात नातेवाईक म्हणायचे, आता सगळं सोड, विश्रांती घे. मीही तेच म्हणत होते. तुम्ही मात्र मंगळवारची क्लबची मीटिंग संपली की थेट आमच्याकडे यायचात, खिशातून घडी केलेला कागद काढायचात आणि म्हणायचात, "वक्ता काय बोलला ते मला नीट लिहिता आलेलं नाही, तूच बघ." आणि मग, "ही तुझी मेकअप मीटिंग, हजेरी लावली." इथली मीटिंग चुकली तर दुसऱ्या क्लबात हजेरी लावून ती भरून काढता येते, हे मला माहीत होतं. पलंगाशेजारच्या खुर्चीवरही ती भरते, हे तुमच्यामुळे कळलं. शहापूरच्या वनराई बंधाऱ्याच्या वेळी तर तुम्ही चक्क भांडायला आलात : मागच्या वर्षी सिमेंटच्या रिकाम्या गोण्या किती लागल्या, ओढ्याचं पात्र किती रुंद होतं, ही नोंद ह्यांच्याशिवाय कुणाकडेच नाही म्हणून. उशीला टेकून, हातात सलाइनची सुई, आणि हे तुम्हाला गोण्यांचे थर कसे सांधायचे ते सांगतायत. कित्येक दिवसांनी त्यांचा आवाज चढलेला ऐकला मी. स्वयंपाकघरात जाऊन रडले, आनंदाने.

सगळे आम्हाला मदत द्यायला येत होते. ह्यांच्याकडे मदत मागायला एकटे तुम्ही आलात.

हे नेहमी सांगतात, १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस आणि त्याचे तीन मित्र एका ऑफिसात बसले, ते समाजसेवेसाठी नव्हे. मोठ्या शहरात एकट्या पडलेल्या वकिलाला गावाकडच्यासारखी मैत्री हवी होती. आळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात भेटायचे, म्हणून नाव रोटरी. शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह बांधून घेण्याची खटपट त्यानंतरची. आधी मी हे क्लबचं कौतुक म्हणून ऐकायचे. आता त्याचा अर्थ कळतो.

फेब्रुवारीत हे पहिल्यांदा मीटिंगला आले, मास्क लावून, माझा हात धरून. दारातल्या टेबलावर तुम्ही नेहमीसारखे नावांचे बिल्ले मांडले होते. ह्यांचा बिल्ला तिसऱ्या ओळीत, होता तिथेच. तो उचलताना ह्यांनी विचारलं, आज मी येणार हे कुणी सांगितलं? तुमच्या शेजारी उभा असलेला रोटरॅक्टचा मुलगा म्हणाला, "काका दर मंगळवारी मांडतात. मीटिंग संपली की परत डब्यात ठेवतात." आठ महिने, काका. तुम्ही आम्हाला हे कधी बोलला नाहीत.

आता ह्यांचा आजार आटोक्यात आहे, तपासण्या चालू आहेत. मागच्या महिन्यात मुंब्र्यातल्या एका बाईंसाठी तुम्ही मला फोन केलात, तेव्हा माझं हिमोग्लोबिन पुरेसं निघालं आणि मशीनवर दीड तास पडून मी पहिल्यांदा प्लेटलेट दिल्या. वहीत माझ्या नावापुढचा शेवटचा रकाना मी चोरून पाहिला. "कधीही फोन करावा," असं लिहिलंय. बरोबर लिहिलंत.

१ जुलैला नवीन वर्षाचे पदाधिकारी येतील, सार्जंटही बदलेल. पण वही तुमच्याकडेच राहू द्या. तिची शिवण उसवलीय, मधली पानं सुटायला आलीत. मी नवीन जाड पुठ्ठ्याची आणलीय, रकाने आखलेत, शेवटचा जरा रुंद ठेवलाय. मंगळवारी घेऊन येते. जुन्यातली नावं आपण दोघं बसून उतरवू. चहा मी टाकेन.

तुमची,
बुलेटिनवाल्याची बायको
नौपाडा, ठाणे