‘घड उचलवेल का?’

महोदय,

रावेर तालुक्यात आशा म्हणून मी घरोघरी फिरते. कुटुंब नियोजनाचा विषय निघाला की घरातला पुरुष हळूच उठून ओट्यावर जातो. परवा एकाने मात्र विचारलेच, “ताई, नसबंदी केल्यावर केळीचा घड उचलवेल का?” उचलवेल की! बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेत दोन शुक्रवाहिन्या कापून बांधतात, एवढेच. वीर्य येतेच, त्यात शुक्रजंतू नसतात. पुरुषी हार्मोन थेट रक्तात मिसळतात. त्यांचा या नळ्यांशी संबंधच नाही. आठवडाभर जड काम टाळायचे, मग घड काय नि पोते काय.

एक गोष्ट मात्र बरेच जण विसरतात. आधीचे शुक्रजंतू काही काळ नळीत उरतात, म्हणून ३ महिने निरोध वापरून मग वीर्य तपासून घ्यायचे. ते न करता दिवस गेले, की संशय बायकोवर! बाईचे ऑपरेशन पोटात शिरून करावे लागते, तरी शिबिरात रांग बायकांचीच. आमच्याकडे शिबिराची दवंडी देताना पुरुषांची तारीखही सांगावी, एवढी विनंती.

– एक आशा सेविका, ता. रावेर, जि. जळगाव