वणव्याचा संदेश आला, पुढे काय?

महोदय,

फेब्रुवारी सरत आला की गडचिरोली, मेळघाटातल्या वणव्यांच्या बातम्या येतात आणि सोबत ‘उपग्रहाची नजर’ही. नजर आहे, हे खरेच. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरील ‘मोडिस’ आणि ‘व्हिअर्स’ या संवेदकांनी टिपलेली उष्णता तपासून वन कर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर संदेश पाठवते. पण मोडिसचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा सुमारे एक किलोमीटर लांबी-रुंदीचा तुकडा, व्हिअर्सचा ३७५ मीटरचा. शिवाय हे उपग्रह ठरावीक वेळीच माथ्यावरून जातात. दोन फेऱ्यांच्या मधे पेटून विझलेली आग निसटते. शेतातले धुरे (बांध) जाळले तरी ठिपका मात्र उमटू शकतो.

मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग जाळरेषा (आग पसरू नये म्हणून पालापाचोळा काढून मोकळे ठेवलेले पट्टे) वेळेत काढणे, हंगामी फायर वॉचरची मजुरी महिन्याच्या महिन्याला देणे, मोहाखाली अंथरायला जाळ्या पुरवणे, यासाठी हात आखडता का? आणि संदेश मिळाल्यावर माणूस किती वेळात आगीपाशी पोहोचला, हेही वन विभागाने दरवर्षी वनपरिक्षेत्रनिहाय जाहीर करावे.

– एक वाचक, गडचिरोली