‘दोन दिवसांत शहर’, पण कोणते दोन दिवस?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पर्यटन पुरवण्यांमध्ये ‘दोन दिवसांत अमुक शहर’ अशा थाटाचे कोष्टक हमखास असते. सकाळी किल्ला, मग संग्रहालय, दुपारी बाग, संध्याकाळी नदीकाठ. वाचायला सुटसुटीत वाटते. ते कापून घेऊन एखादे जोडपे अनोळखी शहरात उतरते, तेव्हा खरा प्रश्न पडतो: हे दोन दिवस आठवड्यातले कोणते? नेमके तेवढेच छापलेले नसते.

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा असा क्रम लावला तर दोन्ही पाहून होतात. उलटा लावला तर दोन्ही दिवस बंद फाटकासमोर जातात. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. पॅरिसचे लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद आणि नदीपलीकडचे ओर्से संग्रहालय सोमवारी. व्हॅटिकनची संग्रहालये रविवारी बंद. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा अपवाद, पण त्या दिवशी प्रवेश मोफत असल्याने रांगही तशीच लागते. जपानमधली बरीच संग्रहालये सोमवारी बंद असतात, मात्र सोमवारी राष्ट्रीय सुट्टी आली तर ती उघडी राहतात आणि मंगळवारी बंद. म्हणून जागांची यादी करण्याआधी वार लिहावेत, प्रत्येक वारापुढे काय बंद ते लिहावे आणि उरलेल्या जागेत शहर बसवावे.

दुसरी गफलत वेळेची. ‘सहापर्यंत उघडे’ याचा अर्थ सहापर्यंत आत सोडतात असा नाही. शेवटचा प्रवेश बहुधा अर्धा ते एक तास आधी बंद होतो आणि दालने रिकामी करायला रखवालदार वेळेच्या आधीच सुरुवात करतात. पावणेपाचला पोहोचलेल्याच्या हाती जेमतेम तासभर पडतो, त्यातही बॅग ठेवणे, ती परत घेणे आले. अशा वेळी जे दालन पाहायचेच आहे तिथे थेट जावे आणि बाकीचे परतीच्या वाटेवर बघावे. प्रवेशदारापासून ओळीने पाहत गेलेल्यांचे मुख्य चित्र हटकून राहते.

वेळ छापलेली तिकिटे हा आणखी वेगळा प्रकार. स्पेनमधल्या ग्रानादाच्या अलांब्रा या किल्ल्याच्या परिसरात नासरी राजवाड्यांची वेळ तिकिटावरच असते. ती चुकली की बाकीचा परिसर पाहता येतो, राजवाडे नाहीत. तिकिटावर नाव असते, त्यामुळे ओळखपत्र हवेच. दोघांची तिकिटे एकाच व्यवहारात काढावीत. ‘तू तुझे काढ, मी माझे काढतो’ असे दोन फोनवरून केले की एकाला साडेदहाची वेळ मिळते, दुसऱ्याला बाराची, आणि तोवर मधली तिकिटे संपलेली असतात.

आता अंतर. नकाशा ‘पंधरा मिनिटे’ म्हणतो ते न थांबता ताशी साधारण पाच किलोमीटरने चालणाऱ्याचे. संग्रहालयाच्या शेवटच्या दालनातून फाटकापर्यंत यायला दहा मिनिटे. स्वच्छतागृह आणि बॅग परत घेणे यात आणखी दहा. पंधरा मिनिटांच्या रस्त्यावर दोन सिग्नल, एक फोटो आणि एक चुकलेले वळण, म्हणजे पंचवीस. पुढच्या ठिकाणी तपासणीची रांग वीस. झाला तासाहून अधिक वेळ, आणि कोष्टकात याची नोंद ‘नंतर’ या एका शब्दात उरकलेली! तिकीट लागणाऱ्या दोन जागा आणि एक मोकळी जागा, पायी चालणाऱ्या दोघांचा दिवस एवढ्यात भरतो. चौथे नाव लिहिले की तिसऱ्याचाही विचका होतो.

संग्रहालयात पाय दुखतात याला निव्वळ वय कारण नाही. बॉस्टनच्या कलासंग्रहालयातील बेंजामिन गिल्मन यांनी 1916 मध्ये या थकव्यावर लेखच लिहिला. काचेच्या कपाटातली वस्तू आणि तिच्याखालची चिठ्ठी वाचायला माणसाला किती वाकावे, बसावे, मान वेळावावी लागते, हे त्यांनी छायाचित्रे काढून दाखवले होते. थांबत, वाकत, पुन्हा दोन पावले टाकत केलेला तास हा सलग चालण्याच्या तासापेक्षा जड जातो. त्यामुळे दीड तासानंतर बसायचे हे आधीच ठरवावे. दोन मोठी संग्रहालये एका दिवशी घेणे हा तर शुद्ध हट्ट.

जोडप्याच्या प्रवासातली खरी अडचण मात्र कोष्टकवाल्यांच्या ध्यानीमनीही नसते. दोघांची चाल एक नसते. एकाला प्रत्येक पाटी वाचायची असते, दुसऱ्याला दालनावर नजर फिरवून बाकावर टेकायचे असते. दोघे सतत बरोबर राहिले की वाचणाऱ्याला घाई होते आणि टेकणाऱ्याला कंटाळा येतो, मग चिडचिड कुठल्या तरी तिसऱ्याच गोष्टीवर निघते. उपाय साधा आहे: आत गेल्यावर वेगळे व्हावे. पण भेटीची जागा नेमकी ठरवावी. ‘बाहेर भेटू’ चालत नाही, कारण मोठ्या संग्रहालयांत आत जायचे दार आणि बाहेर पडायचे दार बरेचदा वेगवेगळ्या रस्त्यांवर असते. ‘अमुक मजल्यावरच्या जिन्यासमोरचा बाक, सव्वाबारा’ असे ठरले तर चुकामूक होत नाही. फोन लागला नाही तर जिथे शेवटचे बरोबर होतो तिथे परतायचे आणि अर्धा तास हलायचे नाही, हा नियम घरून निघतानाच करून ठेवावा. दोघेही एकमेकांना शोधायला निघाले की दोघेही हरवतात.

चढाईचेही तसेच. रोममधल्या सेंट पीटर चर्चच्या घुमटाला 551 पायऱ्या आहेत. लिफ्टने गेले तरी 320 उरतातच. फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटाला 463, आणि लिफ्ट नाही. वरचा जिना अरुंद असतो, मागून माणसे येत असतात, अर्ध्यावरून माघारी फिरणे सोपे नसते. एकाचा गुडघा कुरकुरत असेल तर निर्णय तिकीट काढण्याआधी घ्यावा. खाली थांबणाऱ्याचा तास-दीड तास कुठे जाईल तेही ठरवावे, सावलीत आणि बसायला जागा असेल अशा ठिकाणी.

फोनवर सगळा भार टाकू नये. शहराचा नकाशा दोघांच्याही फोनमध्ये आधी उतरवून ठेवला तर इंटरनेट नसतानाही आपण कुठे आहोत ते दिसते, कारण स्थान उपग्रहांवरून कळते. जुन्या शहराच्या अरुंद गल्लीत मात्र तो निळा ठिपका उड्या मारतो. संदेश भिंतींवर आपटून येतात, त्यामुळे फोनला ते अंतर लांबचे वाटते आणि ठिपका शेजारच्या गल्लीत जाऊन बसतो. तिथे बाणाकडे बघत उभे राहण्यापेक्षा वीसेक पावले चालावे. ठिपका कुठे सरकतो त्यावरून दिशा कळते. तिकिटे दोघांच्याही फोनमध्ये असावीत आणि मुक्कामाचा पत्ता स्थानिक लिपीत कागदावर. पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच न्यावी लागते आणि मर्यादा साधारण 100 वॉट-तास असते; 20,000 एमएएचची बँक 74 वॉट-तासांची होते, म्हणजे चालते.

लोकलचा किंवा मेट्रोचा पास घेताना तो तासांवर चालतो की तारखेवर, हे विचारावे. चोवीस तासांचा पास दुपारी चारला सुरू केला तर दुसऱ्या दिवशी चारपर्यंत चालतो. तारखेचा पास चारला सुरू केला तर अर्ध्याहून अधिक दिवस वाया. एका कार्डावर दोघांना जाता येईल असे गृहीत धरू नये. लंडनमध्ये माणशी एक कार्ड लागते, आणि आत जाताना फाटकावरच्या यंत्राला कार्ड आणि बाहेर पडताना फोन टेकवला तर यंत्र ते दोन अपुरे प्रवास धरते.

उघड्या टपाच्या पर्यटक बसबद्दल आमचे मत फारसे चांगले नाही. ती बहुधा एकाच दिशेने फिरते, त्यामुळे मागचा थांबा राहिला तर पूर्ण फेरी मारावी लागते. शेवटची बसही संध्याकाळी लवकर सुटते. पहिल्या सकाळी न उतरता एक फेरी मारून शहर कसे पसरले आहे ते समजून घ्यायला ती ठीक.

शेवटच्या दिवशी खोली सकाळी सोडावी लागते आणि गाडी संध्याकाळची असते. सामान मुक्कामी ठेवता येते, पण ते आणायला परत जायचे असल्याने त्या दिवशी जवळपासच्याच जागा घ्याव्यात. नवे बूट नकोत, हे सांगायला नको.

आपल्या पुरवणीला एवढीच विनंती की, प्रत्येक जागेपुढे साप्ताहिक सुट्टी, शेवटच्या प्रवेशाची वेळ, पायऱ्यांची संख्या आणि लिफ्ट आहे की नाही हे द्यावे. दोन जागांमधले अंतर दारापासून दारापर्यंत मोजून द्यावे. जागा कमी पडत असेल तर सूर्यास्ताचा फोटो लहान करावा. आणि ही माहिती कोणत्या तारखेला तपासली, ते कोष्टकाखाली छापावे.

आपले,
पुरवणीचे नियमित वाचक