खो देणारीचं नाव

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू फोनवर रडलीस आणि मी नुसतं "झोप आता" म्हणून फोन ठेवला. बोलायचं होतं ते तोंडून निघालंच नाही, म्हणून हे पत्र.

तुझं म्हणणं मला कळलं. त्या पळणारीला तू रेटत रेटत खांबाकडे नेलंस, ऐनवेळी खो दिलास, आणि उठलेल्या मुलीने दोन पावलांत तिला टिपलं. गडी तिच्या नावावर लागला, बक्षीसही तिलाच मिळालं. वाईट वाटणारच गं. मला ऐकूनसुद्धा वाटलं.

पण तो खो देतानाचा क्षण आठव. तुझा दम संपला नव्हता, हात लांबवून बघता आला असता. तरी दिलास, कारण ती कुठे वळणार ते तुला आधी दिसलं. आपल्या खो-खोत पाठलाग करणारीला एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागे फिरता येत नाही, मधली पाटी ओलांडता येत नाही. पळणारीला मात्र सगळं मैदान मोकळं. एकटीच्या पायांवर हे जमणारं नाहीच, म्हणून तर नऊजणी लागतात.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत खेळायचे ते तुला माहीत आहे. दहावीला घरच्यांनी बंद केलं. ती हळहळ अजून आहे, आणि तुझ्या बाबतीत ते होऊ द्यायचं नाही हे मी तेव्हाच ठरवलं होतं. माझ्या अंगात सगळ्यात खोल मुरलं ते पळणं नव्हे, बसणं. आठजणी बसतात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. निम्मा खेळ आपल्या पाठीमागे चालतो. नुसता पावलांचा आवाज येतो, धूळ उडते. पाठीवर थाप पडून खो ऐकू येईपर्यंत उठायचं नाही, आणि ऐकू आला की विचार करत बसायचं नाही.

तुझे बाबा आजारी होते ते चार महिने आठव. एक रात्र मी जागायचे, दुसरी तुझी आत्या. तिची पाळी आली की मी घरी येऊन गाढ झोपायचे. दवाखान्यात मी अशा बायका पाहिल्या, ज्यांना दुसऱ्यावर सोपवताच येत नव्हतं. त्या पार मोडून गेल्या होत्या. मला ते मैदानात जमलं होतं, म्हणून तिथेही जमलं.

खेळलं की माणूस आपोआप चांगला होतो, असं मात्र मी म्हणणार नाही. आठवीत एका सामन्यात मला हात लागला होता. पंचांना दिसलं नाही. मी गप्प राहिले, पळत राहिले आणि आम्ही जिंकलो. जिने मला शिवलं होतं ती मुलगी सामना संपल्यावर माझ्याकडे नुसती बघत होती. ते बघणं अजून जात नाही. त्यानंतर मी कधी गप्प राहिले नाही, पण त्यासाठी ती एक जीत मला गिळावी लागली. तुझ्या हातून असं काही झालं, तर मला सांग. मी रागावणार नाही.

१९ जानेवारी २०२५ ला आपण पहिल्या खो-खो विश्वचषकाची अंतिम लढत टीव्हीवर पाहिली होती. कर्णधार प्रियांका इंगळेच्या भारतीय महिला संघाने नेपाळला ७८-४० असं हरवलं आणि तू गादीवरच सूर मारलास! त्या ७८ गुणांत प्रत्येक गडी कुणाच्या ना कुणाच्या नावावर असेल. पण त्याआधी किती खो दिले गेले, हे मोजायला कागद पुरला नसता. ते खो मला दिसतात, कारण मी खेळले आहे. तुझा कालचा खो तुझ्या सरांनाही दिसला असणार. विचार त्यांना.

कोपर सोललंय म्हणालीस, त्यावर धूळ बसू देऊ नकोस. आणि ज्या मुलीला बक्षीस मिळालं, तिचं अभिनंदन केलं नसशील तर आज कर.

रविवारच्या सामन्याला मी पहिल्या एसटीने येते. तू कितव्या चौकात, कुठल्या बाजूला तोंड करून बसणार ते आधी कळव, म्हणजे मी समोरच्या बाजूला जागा धरते.

तुझी,
आई