कारपेट टाकायच्या आधी रस्त्याची खालची ताकद मोजा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पाऊस आता सरत आलाय, म्हणजे खड्डे बुजवायचा अन् नवीन कारपेट (वरचा डांबरी थर) टाकायचा सीझन आला. आमच्या यावल-रावेरकडे दरवर्षी हेच चाललंय, दिवाळीला रस्ता चकाचक दिसतो आणि पुढच्या पावसात त्याच जागी, चाकं जातात त्याच पट्ट्यात, मगरीच्या पाठीसारख्या भेगा पडतात. पावसात जरा थांबून बघा, लोडेड ट्रक त्या भेगांवरून गेला की खालून काळं गढूळ पाणी वर येतं. लोक म्हणतात ठेकेदाराने डांबर खाल्लं, काही ठिकाणी तसं असेलही, पण इथे खालची मातीच वर येतेय आणि आपण वरून 20 मिमीचा थर टाकतोय, त्या थराने रस्त्याला ताकद येत नाही हो, फक्त वरचा पृष्ठभाग नीट होतो.

आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. त्यात केळीचे भरलेले ट्रक, वाळूचे डंपर. एक्सलवरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याचं नुकसान दुप्पट नाही, साधारण 16 पट होतं, अमेरिकेत 1958 ते 60 मध्ये मुद्दाम रस्ते बांधून त्यावर ट्रक पळवून हे तपासलं गेलंय.

मग रस्ता खालून किती कमजोर झालाय ते कळायचं कसं? त्याची टेस्ट आहे आणि जुनी आहे. बेंकेलमन बीम म्हणतात, एक लांब दांडी असते. मागच्या एक्सलवर 8170 किलो येईल असा ट्रक भरायचा, मागच्या जोडचाकांच्या फटीत बीमचं टोक रस्त्यावर टेकवायचं, ट्रक हळू पुढे घ्यायचा आणि दबलेला रस्ता किती वर उचलला ते डायल गेजवर वाचायचं, 0.01 मिमीपर्यंत कळतं. इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी 81 ही मार्गदर्शक पुस्तिका त्यावरच आहे. आता तर एफडब्ल्यूडी (फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर) मशीन आहे (त्याची पुस्तिका आयआरसी 115, 2014 सालची), ते प्लेटवर वजन आपटतं, आजूबाजूचे सेन्सर रस्ता कुठे किती दबला ते टिपतात आणि त्यावरून कोणता थर गेलाय याचा हिशोब निघतो. ही मोजणी पावसाळा संपल्या संपल्या करायची असते कारण तेव्हा खालची माती सगळ्यात नरम असते, एप्रिलमध्ये कडक मातीवर रीडिंग घेतलं तर रस्ता आहे त्यापेक्षा भक्कम दिसणार.

रीडिंग चांगलं आलं, म्हणजे रस्ता कमी दबला, तर तिथे सीलकोटवर (भेगा बंद करणाऱ्या पातळ डांबरी थरावर) भागेल, वाईट आलं तर तेवढाच तुकडा खोदून खालपासून करा, आणि साइडपट्टीचा मुरूम रस्त्यापेक्षा उंच झालाय तो आधी उतरवा, पाणी जायला जागाच नाहीये, अशाने कितीही जाड डांबर टाकलं तरी टिकणार नाही. जळगाव-धुळ्याला इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, सिव्हिलची पोरं मोजणीला घेता येतील, त्यांचंही शिक्षण होईल.

माझी मागणी एवढीच की या ऑक्टोबरमध्ये, टेंडर निघायच्या आधी, आपल्या भागातल्या मुख्य रस्त्यांची अशी मोजणी करा आणि किलोमीटरनुसार रीडिंग ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा. आपल्या पेपरने पण संबंधित खात्याला विचारावं की कारपेटचं एस्टिमेट कोणत्या रीडिंगवर केलंय, आणि मिळालेलं उत्तर आहे तसं छापावं.

आपला,
एक वाचक, यावल तालुका