आपल्याकडचा ऑपेरा आपणच विसरलो

संपादक साहेब, परवा मुलीने मोबाईलवर एक छोटा परदेशी ऑपेरा, म्हणजे सगळं गाण्यातूनच सांगणारं नाटक, लावला, तासाभराचा, पाच-सहा गायक आणि मोजकेच वाजवणारे, गोष्ट खेड्यातल्या घराची, जमिनीच्या लोभापायी भाऊच भावाच्या जिवावर उठतो. भाषा ओ की ठो कळली नाही पण शेवटी म्हातारी माय रिकाम्या घरात एकटीच गाते ना, तिथं डोळ्यात पाणी आलं बाप्पा.

मग वाटलं, हे तर आपलंच आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आपल्या नागपुरातून सुरू होतो, त्या पट्ट्यात मोबदला आला न् सातबाऱ्यावरून सख्खे भाऊ कोर्टात गेले, अशी घरं माझ्याच नात्यात दोन आहेत (नावं घेत नाही, दिवाळीला भेटायचं आहे). आणि गाऊन रडवणारे कलाकार म्हणाल तर गडचिरोली जिल्ह्यातलं नाटकांचं गाव वडसा काय दूर आहे का? धान निघालं की झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, रात्रभर नाटकं चालतात, ऑर्गन-तबल्यावर पदं, लोक घोंगडी घेऊन पहाटेपर्यंत बसतात. तिथल्याच रंगभूमीचे कलाकार परशुराम खुणेंना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आपण फोटो फॉरवर्ड केले, नाटक बघायला किती जण गेलो?

माझं म्हणणं एवढंच, सुरेश भट सभागृहात मोठमोठे ऑर्केस्ट्रे होतात तर एखादी संध्याकाळ अशा तासाभराच्या संगीत शोकांतिकेला द्या, फक्त मधे रेकॉर्ड डान्स घुसवू नका. तिकीट काढून येतो.

- एक वाचक, मानेवाडा, नागपूर